वाराल्लोचा डोंगर आणि पेठेतला कार्यकर्ता

मिलानला मुलाकडे जाऊन तीन आठवडे झाले आणि आमच्या ह्यांनी जाहीर केलं, की आता एकही म्युझियम बघणार नाही. "चित्रं बघून मान आखडली. एखादा डोंगरबिंगर असेल तर सांगा." मुलगा-सून शनिवार-रविवार मित्राच्या लग्नाला जाणार होते, त्यामुळे आम्हाला कुठेतरी पाठवणं त्यांनाही सोयीचंच होतं. मुलाने नकाशावर बोट ठेवलं : वाराल्लो. आल्प्सच्या कुशीत सेझिया नदीकाठचं गाव, त्याच्या डोक्यावर एक टेकाड आणि टेकाडावर 'साक्रो मोंते', म्हणजे पवित्र डोंगर. "आणि बाबा, म्युझियम नाहीये ते. देखावे आहेत."

'देखावे' हा शब्द त्याने मुद्दाम टाकला होता. आमचे हे नारायण पेठेतले. कॉलेजात असल्यापासून जवळजवळ वीस वर्षं गणपतीतला देखावा हे त्यांचं खातं. हलत्या देखाव्यात मोटर कुठे बसवायची, महाराजांचा हात किती वर गेला म्हणजे खरा वाटतो, हे त्यांना विचारायचं. एका वर्षी ऐन गर्दीच्या शनिवारी महाराजांचा हात वाघनखांसकट वरच अडकला. मागे कॉमेंट्री चालू, रांग पुढे सरकेना, आणि अफझलखान काही पडेना. हे तासभर मांडवाखाली उताणे पडून पट्टा बदलत होते. ही गोष्ट आमच्याकडे दरवर्षी गौरीजेवणाला निघतेच. त्यामुळे देखावे म्हटल्यावर स्वारी तयार.

पहिला दिवस, शनिवार

मिलानहून नोव्हारा हा टप्पा रेल्वेचा, पाऊण तासाच्या आतला. मी पुस्तक काढलं होतं, ते तसंच मिटून ठेवलं. खिडकीबाहेर भातखाचरं! मैलोगणती. मे संपत आलेला, खाचरांत पाणी भरलेलं, त्यातून बोटभर हिरवे कोंब वर आलेले आणि बांधांवर बगळे. माझं माहेर मावळातलं, मला इटलीत असल्यासारखंच वाटेना. फरक एवढाच, की शेतात माणूस दिसत नव्हतं. युरोपात सगळ्यात जास्त तांदूळ इटलीत पिकतो आणि त्यातला बराचसा ह्याच नोव्हारा-व्हेर्चेल्लीच्या पट्ट्यात. पूर्वी इथे बायका गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायच्या, त्यांना 'मोंदिने' म्हणत. आता सगळं यंत्रावर.

नोव्हाराला उतरल्यावर सान गाउदेन्झियोच्या चर्चचा १२१ मीटर उंच घुमट लांबूनच बघितला आणि बस पकडली. वाराल्लोपर्यंत रूळ आहेत, पण नेहमीची प्रवासी गाडी २०१४ मध्ये बंद झाली. म्हणून बसच. बसचं तिकीट बसमध्ये मिळेल असं धरून जाऊ नका. 'ताबाक्की' लिहिलेलं पान-बिडीछाप दुकान शोधायचं आणि तिथूनच घ्यायचं. परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवा.

वाराल्लोला पोचलो तर पाऊस. आपला कोसळणारा नाही. बारीक, थंड, अंगात शिरणारा. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाई सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी शून्य, उत्साह मात्र भरपूर. आमचे ओले बूट बघून त्यांनी आधी जुनी वर्तमानपत्रं आणली आणि बुटांत कोंबली. हे बघितल्यावर भाषेची भीती गेली.

पाऊस थांबला तसे डोंगराच्या पायथ्याच्या चर्चमध्ये गेलो, सांता मारिया देल्ले ग्राझिए. डोंगरावर जाण्याआधी हे बघायलाच हवं. आत शिरलं, की चर्चच्या आरपार एक भिंत आडवी उभी आहे. खाली कमानी, वर पूर्ण रंगवलेली. पलीकडची जागा फ्रान्सिस्कन संन्याशांची, अलीकडे गावकरी. गाउदेन्झियो फेरारी ह्या इथल्याच खोऱ्यातल्या चित्रकाराने १५१३ मध्ये तिच्यावर येशूचं अख्खं चरित्र काढलं. वीस लहान चौकटी आणि मध्ये एक मोठी, क्रूसावरच्या मृत्यूची. अक्षरओळख नसलेल्या माणसाने डावीकडून वाचायला लागावं आणि उजवीकडे संपवावं. आपल्याकडच्या चित्रकथ्यांचीच रीत. फक्त इथे चित्रं जागच्या जागी आणि सरकायचं ते माणसाने.

तिथे बसून मी वसईच्या माझ्या मैत्रिणीला फोटो पाठवला. आम्ही दोघी एका शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. तिचं घर पिढ्यान् पिढ्या कॅथलिक. तिचा उलट फोनच आला आणि एकेक चौकट ती मला मराठीतून सांगत गेली. हा पिलात, रोमन सुभेदार, हात धुतोय बघ. हा कयफा, मुख्य याजक. इथे पेत्र, येशूचा शिष्य, रडतोय. इटलीतल्या एका चर्चमध्ये वसईचं मराठी माझ्या कानात चालू होतं. पुढचे दोन दिवस तीच आमची गाइड. चर्चमध्ये फोनवर बोलणं बरं दिसत नाही हे मला कळतं, पण तेव्हा आत आम्ही दोघंच होतो.

रात्री बाईंनीच जेवायला थांबवलं. 'मिआच्चे' हा ह्या वाल्सेसिया खोऱ्याचा पदार्थ. लांब दांड्याच्या दोन लोखंडी तव्या. एकीवर सरसरीत पीठ ओतायचं, दुसरी वरून दाबायची आणि दोन्ही बाजूंनी आचेवर धरायचं. घावनाचं पीठ आणि पापडाची जाडी. गरम असतानाच आत तोमा नावाचं इथलं चीज घालून घडी करायची. ह्यांनी चार खाल्ले. मग मला शंका आली, की तवीला फडक्याने काय पुसतायत? फोनवर भाषांतर केलं : डुकराची चरबी. ह्यांचा शनिवार! क्षणभर शांतता. मग हे म्हणाले, "मारुतीराया इथे आला असता तर त्यानेही थंडीत हेच खाल्लं असतं," आणि पाचव्याकडे हात गेला. पण शाकाहार कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. लोणी लावूनही करून देतात. 'पानिस्सा' नावाचा राजमाछाप दाण्यांचा भात सगळीकडे मिळतो, तो दिसतो साधा, पण त्यात सालामी असते.

जेवणानंतर बाई हातात सुई घेऊन बसल्या. 'पुंचेत्तो', इथली सुईची लेस. क्रोशा नाही, विणकामाच्या सुया नाहीत, खाली कापडसुद्धा नाही. नुसती शिवणाची सुई, दोरा आणि गाठी. गाठीला गाठ जोडत चौकोन, चांदण्या, चक्रं वाढत जातात. अर्ध्या तासात नखाएवढा तुकडा झाला. मी माझ्या आईच्या क्रोशाच्या रुमालाचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा वर करून बघितला आणि मान हलवली. चांगला आहे, पण हे वेगळं, असा त्या मानेचा अर्थ होता.

दुसरा दिवस, रविवार

वर जायला रोपवे आहे, मिनिट-दोन मिनिटांत पोचवतो. आम्ही जाताना चाललो. चर्चच्या शेजारूनच गोट्यांची फरसबंद वाट वर जाते, झाडीतून, वळणं घेत. आमच्या वयाला, धापा टाकत, पंचवीस मिनिटं. पर्वती रोज चढणाऱ्याला काहीच नाही. पावसानंतर दगड फार निसरडे होतात, चपला-सँडल नकोत. दमलात तर उतरताना रोपवे घ्या. दुपारी तो मध्ये थांबतो का, हे खालीच विचारून ठेवा. डोंगरावरचं बघायला तिकीट नाही.

वर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं मला काही कळलंच नाही. बाग आहे, उंच झाडं आहेत, पायवाटा, कारंजं, लहान-मोठ्या इमारती. मूर्ती कुठेच नाहीत. मग एका इमारतीच्या ओसरीत गेलो, तिथे लाकडी जाळी, जाळीला डोळ्याएवढी भोकं. भोकाला डोळा लावला आणि मी मागेच सरले. आत माणसं होती. पुरुषभर उंचीची, रंगवलेली, डोक्यावर केस, अंगाखांद्यावर कपड्यांच्या घड्या, आणि माझ्यापासून चार हातांवर.

अशी चाळीसच्या वर चॅपल्स आहेत. पुतळे आठशेच्या आसपास, काही लाकडाचे, बरेचसे भाजलेल्या मातीचे. आदाम-एवेपासून सुरुवात, मग नाझरेथ, बेथलेहेम, मग जेरुसलेम, कालवारी (येशूला क्रूसावर दिलं ती टेकडी) आणि शेवटी कबर.

ही कल्पना बेर्नार्दिनो काइमी ह्या मिलानच्या फ्रान्सिस्कन संन्याशाची. तो पॅलेस्टाइनला राहून आलेला. यात्रेला जाणं खर्चाचं, जोखमीचं आणि तुर्कांच्या दबदब्यामुळे आणखीच अवघड होत चाललेलं. त्याला ह्या टेकाडाचा आकार बघून ती भूमी आठवली. १४८६ मध्ये पोपची परवानगी मिळाली आणि १४९१ मध्ये पहिली वास्तू, येशूच्या कबरीची प्रतिकृती, उभी राहिली. तिच्या दारावरचा लॅटिन लेख अजून आहे. त्याचा मथितार्थ असा, की ज्याला तिकडे जाणं शक्य नाही त्याला इथेच जेरुसलेम दिसावं. आपल्याला ही कल्पना समजावून सांगायला नकोच. गावोगावी प्रतिपंढरपूर असतं ते ह्याचसाठी. काइमीने मात्र देवळाबरोबर गावंच्या गावं आणली, अंतरांसकट, पायऱ्यांसकट. बेथलेहेमच्या गुहेत शिरताना खरोखरच वाकावं लागतं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. पहिल्या तीन-चार जाळ्यांपाशी मी माहिती वाचत होते आणि हे भोकातून बघत होते. मग ते एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे, तिथून तिसऱ्याकडे जायला लागले. खाली गुडघे टेकायच्या फळ्या आहेत, तिथूनही वाकून बघितलं. मग मला बाजूला घेऊन, काहीतरी गुपित कळल्यासारखे म्हणाले, "हे मुळात बाहेरून बघायला केलेलंच नाही."

म्हणजे?

"पुतळे बघ ना. देखावा रांगेसाठी असला, की सगळ्यांची तोंडं रांगेकडे. मागची बाजू आम्ही रंगवायचोसुद्धा नाही. इथे काही जण पाठ करून उभे आहेत. हा मधून चालत जायचा देखावा आहे."

मला वाटलं पेठेची फुशारकी. पण दुपारी वाचलं तर गोष्ट खरीच निघाली. सुरुवातीच्या काळात यात्रेकरू चॅपलच्या आत शिरायचे, पुतळ्यांमधून फिरायचे. गाउदेन्झियो फेरारीने केलेल्या कालवारीच्या चॅपलमध्ये तर एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडायची सोय होती. भिंतींवर खिळ्याने कोरलेली जुन्या यात्रेकरूंची नावंही आहेत. (हे वाचून मला सिंहगड आठवला आणि थोडा धीर आला.) पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चने शिस्त आणली. गॅलेआत्सो आलेस्सी ह्या वास्तुशिल्पकाराने सगळ्या डोंगराचा नवा आराखडा केला, प्रसंगांचा क्रम लागला, आणि लोकांना बाहेर ठेवून जाळ्या बसल्या. कुठून काय दिसावं तेही भोकांनी ठरवून टाकलं. नव्या चॅपल्समध्ये पुतळे भोकांच्या हिशेबाने बसवलेत, जुन्यांत तसं नाही. आमच्या कार्यकर्त्याने तोच फरक नुसत्या डोळ्यांनी पकडला होता.

मिलानचा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ, जो पुढे संत झाला, तो इथे एकाहून जास्त वेळा आला. शेवटचा १५८४ च्या ऑक्टोबरमध्ये. रात्री कंदील घेऊन एकटाच एकेका चॅपलपुढे प्रार्थना करायचा म्हणतात. इथेच त्याला ताप भरला. मिलानला परत गेला आणि ३ नोव्हेंबरला वारला. वय ४६. कंदिलाच्या हलत्या उजेडात हे चेहरे कसे दिसले असतील, ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. आता आत विजेचे दिवे आहेत, ते बरंच आहे.

सगळी चॅपल्स एकेक करून सांगत नाही. काही मी लवकर उरकली. हेरोद राजाने बालकांची कत्तल केली तो प्रसंग अकराव्या चॅपलमध्ये आहे. जमिनीवर तान्ही मुलं पडली आहेत. घरी दोन वर्षांचा नातू सोडून आलेली मी, तिथे अर्धा मिनिटही उभी राहिले नाही. सवॉयच्या ड्यूकने पैसे देऊन हा प्रसंग करवून घेतला होता. कशासाठी कोण जाणे. शेवटच्या भोजनाच्या चॅपलमध्ये मात्र रमले. लाकडी पुतळे, इथल्या सगळ्यात जुन्यांपैकी, आणि समोर मांडलेलं टेबल. ताटं, फळं, सगळं जागच्या जागी. आमच्या मागे एक शाळकरी मुलगा आईला विचारत होता, की खरं जेवण आहे का. निदान त्याच्या बोटाची दिशा आणि आईचं हसणं ह्यावरून मला तसं वाटलं.

वरच्या चौकात पिलाताचा वाडा आहे. रोममधल्या पवित्र जिन्याच्या नकलेच्या पायऱ्या आहेत, लोक गुडघ्यांवर चढतात. एक आजी चढत होत्या, शेजारी नात उभ्याने, आजीची पर्स सांभाळत. जेजुरीला नाही का, म्हातारी माणसं एकेका पायरीला हात लावून कपाळाला लावतात.

आणि मग तेहतिसावं चॅपल. पिलात येशूला लोकांपुढे उभा करतो तो प्रसंग. येशू वर सज्जात, काटेरी मुकुट घातलेला, आणि खाली गर्दी. पुतळे जोव्हान्नी देनरिकोचे, भिंतीवरची चित्रं मोराझ्झोने ह्या चित्रकाराची. गर्दीतले पुढचे लोक मातीचे, मागचे भिंतीवरचे, आणि जोड कुठे आहे ते चटकन सापडत नाही. कोणी ओरडतोय, कोणी शेजाऱ्याच्या कानात सांगतोय, एक कुत्रं घुटमळतंय असं मला वाटलं, पण हे म्हणाले सावली आहे. ह्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, बघितलंस?" आम्ही खाली होतो. 'ह्याला क्रूसावर द्या' म्हणून ओरडणाऱ्यांच्या मागे.

मैत्रिणीला संध्याकाळी हे सांगितलं तर ती म्हणाली, तारीख बघ. हे चॅपल तयार होत होतं साधारण १६०९ ते १६१६ मध्ये. आणि १६१६ मध्येच गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत. म्हणजे इटलीच्या डोंगरात कारागीर मातीने जी गोष्ट सांगत होते, तीच त्याच वर्षांत गोव्यातल्या साष्टीत एक इंग्रज जेझुइट ओवीत सांगत होता. इकडे इथल्या खोऱ्यातले चेहरे, तिकडे आपल्या पुराणांची चाल. इतिहास शिकवताना ही दोन टोकं मी कधी जोडली नव्हती.

इथल्या खोऱ्यातले चेहरे म्हटलं ते शब्दशः. छत्तिसावं चॅपल, क्रूस घेऊन कालवारीकडे जाण्याचं. ताबाक्केत्ती नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकाराने केलेलं; मूळचा तो आताच्या बेल्जियममधल्या दिनां गावचा. त्यातल्या एका धटिंगणाच्या गळ्याला दोन गाठी लोंबतायत. मला वाटलं माती फुगलीय. ह्यांनी ओळखलं, "गलगंड आहे तो." आल्प्सच्या आतल्या खोऱ्यांत मातीपाण्यातून पुरेसं आयोडीन पोटात जायचं नाही, त्यामुळे गलगंड घरोघरी. शिल्पकाराने दुष्टासाठी चेहरा शोधला तो बाजारातला. गाव चॅपल बघायला आलं असेल तेव्हा त्या माणसाला सगळ्यांनी ओळखलं असणार. त्याच्या बायकामुलांनीही. बिचारा कदाचित खोऱ्यातला सगळ्यात सज्जन माणूस असेल.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी नऊच्या बसने निघायचं होतं. बाईंचा निरोप घेतला, त्यांनी तोम्याचा तुकडा कागदात गुंडाळून दिला, आम्ही थांब्यावर. बस नाही. साडेनऊ, दहा. रस्त्यावर शुकशुकाट, दुकानं बंद, खिडक्यांत झेंडे. वेळापत्रकात दोन रकाने असतात, 'फेरिआले' म्हणजे कामाचे दिवस आणि 'फेस्तिवो' म्हणजे सुट्टीचे. सोमवार म्हणून आम्ही पहिला बघितला होता. तारीख होती २ जून. १९४६ मध्ये ह्या दिवशी इटलीने मतदान करून राजेशाही घालवली, म्हणून प्रजासत्ताक दिनाची सुट्टी! चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईची ही दशा. पुढची बस दुपारी. तेव्हा जाण्याआधी कॅलेंडर बघा, इटलीच्या सुट्ट्या वेगळ्या काढून ठेवा, आणि फेरिआलेत शनिवारही येतो हेही लक्षात असू द्या.

मी चिडून बाकावर बसले. हे म्हणाले, "चल वर. माझं एक राहिलंय." बॅगा बाईंकडे परत ठेवल्या (त्या हसून हसून लाल झाल्या) आणि रोपवेने गेलो.

आदल्या दिवशीच्या मानाने लखलखीत ऊन. खोऱ्याच्या वरच्या टोकाला बर्फाची एक कड दिसत होती. मॉन्ते रोझा पर्वत तिकडेच. आधी बॅसिलिकात, म्हणजे डोंगरावरच्या मोठ्या चर्चमध्ये गेलो, १६१४ मध्ये सुरू झालेली. घुमटात वर बघितलं तर स्वर्ग आहे : शंभराहून जास्त पुतळे गोलाकार थरांत ढगांवर बसवलेले, देवदूत, संत, आणि मध्ये वर जाणारी मारियामाता. सुंदर म्हणतात सगळे. मला बाई ती गर्दी वाटली. डोंगरावरच्या गलगंडवाल्याने माझी सवय बिघडवली होती. ढगावर बसलेल्या माणसांना गळ्याखाली काही दुखत असेल असं वाटेना.

ह्यांचं राहिलेलं काम होतं अडतिसाव्या चॅपलमध्ये. गाउदेन्झियोची कालवारी, १५२० च्या आसपासची. इथे तोच चित्रकार, तोच शिल्पकार, आणि हात आखडता घेतलेला नाही. तीन क्रूस, खाली घोडेस्वार, सैनिक, मुलं कडेवर घेतलेल्या बायका, फासे खेळणारे. भिंतींवर चारी बाजूंनी आणखी जनसमुदाय, त्यातही घोडे, भाले, पगड्या. एक घोडा आख्खा पुतळा. त्याच्या मागचा भिंतीतून अर्धा बाहेर आल्यासारखा वाटणारा, पण नुसता रंगवलेला. शेवटचा फासेवाला जिथे संपतो तिथे कोणती रेषा ब्रशची आणि कोणती मातीची, हे शोधायला ह्यांनी चाळीस मिनिटं घेतली. गुडघेदुखीचा माणूस, पण त्या फळीवर गुडघे टेकून बसला. एक तरुण पाद्री मागून गेला, थबकला, आणि भक्तीत व्यत्यय नको म्हणून पावलं न वाजवता निघून गेला.

उठताना मला हात द्यावा लागला. "घोड्याचे केस खरे असावेत," हे म्हणाले. "आणि तो पुढचा पाय एकटा वजन घेऊच शकत नाही. आत काहीतरी आहे."

तेवढ्यात आदल्या दिवशीची जिन्यावरची नात दिसली, आज आजीशिवाय. तिला इंग्रजी येत होतं. तिचं बालपण इथलंच; तिने सांगितलं, की लहानपणी झोपताना आजी तिला दम द्यायची, ऐकलं नाहीस तर दोन गाठीवाला येईल. आपल्या बागुलबुवाचं नाव मी तिला शिकवलं. तिने दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा अगदी स्वच्छ आलं.

दुपारची बस वेळेवर आली. रात्र नोव्हाराला.

चौथा दिवस, मंगळवार

परतीआधी ओर्ता. नोव्हाराहून दोमोदोस्सोलाच्या बाजूला जाणारी गाडी ओर्ता-मियाझिनोला थांबते. तिथून तळ्यापर्यंत उतार आहे, चालत जाता येतं. जड बॅगा असतील तर येताना ती चढण लक्षात ठेवा.

इथेही साक्रो मोंते आहे. वाराल्लोचं बघून असे डोंगर पिएमोंते-लोम्बार्दी प्रांतांत ठिकठिकाणी उभे राहिले. त्यातले नऊ २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ओर्ताचा डोंगर असिसीच्या संत फ्रान्सिसचा. वीस चॅपल्स, ३७६ पुतळे. वाट रुंद, झाडी दाट, मधूनच खाली तळं चमकतं. ज्यांना चढ नको, गर्दी नको, मुलं सोबत आहेत, त्यांनी खरं तर हेच आधी करावं. पण आम्ही वाराल्लो बघून आलो होतो, त्यामुळे भोकांतून बघताना ह्यांचा शेरा ठरलेला : "पाठी रंगवल्या नसणार."

तळ्याच्या मध्ये सान जूलिओचं बेट आहे, होडीने पाच मिनिटं. ह्या जूलिओची गोष्ट अशी, की त्याला कोणी होडी देईना, तेव्हा तो अंगावरची घोंगडी पाण्यावर पसरून पलीकडे गेला आणि बेटावरचे साप आणि ड्रॅगन त्याने हाकलून दिले. घोंगडीची गोष्ट वाचून मला हसू आलं. आपल्याकडच्या कुठल्याही बाबांना ती जशीच्या तशी शोभली असती. बेटावर बेनेडिक्टाईन जोगिणींचा मठ आहे आणि मठाभोवती एकच गल्ली. तिच्यात जागोजागी मौनाबद्दलच्या पाट्या टांगल्यात. लोकही त्यामुळे दबक्या आवाजात बोलतात. चर्चमधलं काळ्या दगडातलं बाराव्या शतकातलं व्यासपीठ चुकवू नका. त्यावर प्राणी कोरलेत, एकमेकांना चावणारे.

त्या गल्लीत आम्ही वीस मिनिटं एक अक्षर बोललो नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण ठरवून गप्प राहण्याची ही पहिलीच वेळ. धक्क्यावर आलो, होडी यायची होती. हे पाण्याकडे बघत उभे होते. मला वाटलं मौनाचा परिणाम झाला.

"गज असणार," हे म्हणाले.

"कसला गज?"

"घोड्याच्या पायात. नाहीतर पाचशे वर्षं उभा राहील का तो?"

होडी आली.